मामांची जीप आणि कणीसवाल्याची शेगडी

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं, की पाठोपाठ प्रश्न येतोच: आता रेडिएटर कुठला घालू? उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण एकदा गोष्टीत शिरलो की मला वेळेचं भान राहत नाही. रेडिएटरमध्ये पाणी असतं, पण तो थंड होतो वाऱ्यानं. पुन्हा सांगतो, वाऱ्यानं. वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो हे आधी बघा, रेडिएटरच्या दुकानात नंतर जा.

आता गोष्ट. माझ्या मामांकडे महिंद्राची सीजे थ्री-बी जीप होती. आत २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, नाव हरिकेन, आणि तहानही वादळासारखीच. पेट्रोल परवडेना, तेव्हा मामांनी त्यात टेम्पो ट्रॅक्सचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. ते मूळचं मर्सिडीजचं, ओएम ६१६. "मर्सिडीजचं इंजिन आहे" असं सांगताना मामांची मान जरा ताठ व्हायची. (आणि हो, इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकावर नोंद लागते. मामांनी ती केली होती, म्हणून तर ही गोष्ट रेडिओवर सांगू शकतो.)

हे इंजिन लांबीला जास्त. त्याचा पंखा रेडिएटरला घासायला लागला. मिस्त्रींनी तो काढला आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूला एका छोट्या कारचा विजेचा पंखा बसवला. बटण दिलं डॅशबोर्डवर. मामांना बटणाचं भारी कौतुक.

वाईपर्यंत जीप गुणी बाळासारखी आली. पसरणी घाट लागला, तापमानाचा काटा हलला, मामांनी ऐटीत बटण दाबलं. काटा आणखी वर. अर्ध्या घाटात रेडिएटरच्या झाकणातून वाफ. रेडिएटरवाला म्हणाला, तीन लाइनचा घाला, म्हणजे जाळीत नळ्यांच्या एकामागे एक तीन रांगा. घातला. पुन्हा पसरणी घाट, पुन्हा बटण, पुन्हा वाफ. मग चार लाइनचा झाला. तोही उकळला. शेवटी मामांनी पुढचा पत्रा कापून ट्रकचा रेडिएटर बसवला आणि मला शेजारी बसवून निघाले. "आता कसा तापतोय बघू!"

तापला. तिसऱ्या वळणाच्या पुढे जीप कडेला घेतली, ती नेमकी एका कणीसवाल्याच्या गाड्यासमोर, तोंड त्याच्या शेगडीकडे. इंजिन चालू, पंखा चालू. मामा कपाळाला हात लावून बसलेले. दोन मिनिटांत तो माणूस ओरडला, "ओ पावणं, गाडी मागं घ्या की! कणसं जळाली माझी!" बघतो तर शेगडीतले निखारे लालभडक, ठिणग्या उडताहेत. जीप मागं घेतली, निखारे विझायला आले. पुढं घेतली, पुन्हा फुलले. कणीसवाला हसायला लागला. "तुमच्या गाडीला भाता लावलाय की काय?"

मामांनी खिशातून वर्तमानपत्राचं पान काढून पंख्यासमोर धरलं. ते पंख्याकडे ओढलं जायला हवं होतं. ते उडून कणीसवाल्याच्या पायाशी गेलं.

पंख्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. मोटार उलटी फिरत होती. समोरून येणारा वारा आत शिरू बघतोय आणि मामांचा पंखा त्याला बाहेर ढकलतोय! सपाटीवर बटण बंद असायचं, म्हणून जीप थंड. घाटात बटण दाबलं, की दोन वाऱ्यांची झुंज आणि मधल्या मध्ये इंजिन शिजतंय. घाटातच तारा अदलाबदल केल्या, पाणी भरलं, आणि जीप पाचगणीला निमूट पोचली. पुढे मामांनी कापलेला पत्रा जोडून घेतला आणि तीन लाइनचाच रेडिएटर परत बसवला. तो आजतागायत पुरतोय.

आता थोडक्यात कामाचं, कारण घड्याळ माझ्याकडे बघतंय. लाइनी वाढवण्यापेक्षा जाळीची उंची आणि रुंदी वाढवा. कुरडया एकावर एक रचून वाळत नाहीत, पसरून वाळतात. मागच्या लाइनीला वारा मिळतो तो पुढच्या लाइनींनी तापवलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद असतात, त्यामुळे दोन लाइनींचा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बहुधा तीन-चार लाइनींच्या तांब्या-पितळेच्या तोडीचा. पण त्यात विहिरीचं पाणी घालू नका, कूलंटच घाला. मला स्वतःला तांबं-पितळच आवडतं, आमच्या आजोळच्या बंबासारखं. गळलं तर गावातही डाग देऊन मिळतो.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, तिथं उघड्या भांड्यात पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. तेरा पौंडांच्या दाबाचं झाकण तो आकडा वीसेक अंशांनी वर नेतं. पण नव्या इंजिनाचं जास्त पौंडांचं झाकण जुन्या डाग दिलेल्या टाकीवर घातलं, तर सांधे सुटतात. आणि नवं इंजिन रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच बसलं असेल, तर वर हवा अडकते. अशा वेळी सगळ्यात उंचावर वेगळी छोटी टाकी लावून घ्या.

पंख्याभोवती पत्र्याचं काउलिंग, म्हणजे पंख्याचा वारा सगळ्या जाळीतून खेचून घेणारं कवच, हवंच, नाहीतर पंखा जाळीचा मधला गोल तेवढा थंड करतो आणि कोपरे तसेच राहतात. रेडिएटरसमोर चार-चार दिवे आणि हाताएवढ्या अक्षरांत नाव लावणाऱ्यांना तर मी काय सांगू! गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेका म्हणणाऱ्या मिस्त्रींशी माझं वीस वर्षांचं भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी. आणि एवढं करा: पंखा चालू करा, समोर कागद धरा. ओढला गेला तर बरोबर. पुन्हा सांगतो, ओढला गेला तर बरोबर.

होस पाइपचं राहिलंच. खालच्या होसमध्ये तारेची स्प्रिंग सापडली, तर कचरा समजून फेकू नका. पाण्याचा पंप जोरात ओढायला लागला, की होस चपटा होऊ नये म्हणून ती असते. मामांनी फेकली होती. ती गोष्ट पुढच्या खेपेला. नमस्कार.