पेरूच्या सरबतात मिरचीचा पाक

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडली आहे, मंडईत पेरूंचे ढीग लागलेत आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घरी चार माणसं यायची असतात. हल्ली कोरेगाव पार्कापासून बाणेरपर्यंत हॉटेलांच्या मेनूकार्डावर पेरू आणि मिरचीचं कॉकटेल दिसतं, आणि ते घरी करता येईल का, असं बरेच जण विचारतात. येतं, आणि दारूशिवाय येतं. आज मी दारूशिवायच सांगणार आहे, म्हणजे घरातल्या आजीपासून कॉलेजात जाणाऱ्या नातवापर्यंत सगळ्यांच्या हातात एकच पेला देता येईल. फक्त एक आहे, दारू नसली की मिरचीचं वागणं बदलतं. ते नीट समजून घेतलं, तर बाकीची कृती अगदी सोपी आहे.

तिखट पेय आपल्याला नवं नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा येतो, त्याला आलं-मिरची वाटून लावलेली असते. सोलकढीत लसूण आणि हिरवी मिरची असते. ही दोन्ही आपण वाटीमागून वाटी पितो आणि तोंड भाजत नाही. मिरचीचा तिखटपणा ज्यात असतो, ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलातुपात विरघळतं, दारूत विरघळतं. सोलकढीत नारळाच्या दुधाची स्निग्धता त्याला सामावून घेते. मठ्ठ्यात ताकातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. पेरूच्या सरबतात यातलं काहीच नाही. तिथे वाटलेली मिरची घातली, तर तिचे कण नुसते तरंगत राहतात. एक घोट मिळमिळीत लागतो आणि दुसऱ्या घोटाला ठसका लागतो. म्हणून सरबतात मिरची वाटून घालू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

त्याऐवजी मिरचीचा पाक करायचा. हॉटेलात मिरचीचे काप दारूत भिजत टाकतात आणि तिखटपणा भराभर उतरतो. गरम साखरपाण्यात तो सावकाश आणि थोडाच उतरतो, पण मिरचीचा तो हिरवा, ताजा वास मात्र छान येतो. मला स्वतःला हा वास तिखटपणापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

मिरची कोणती घ्यायची? जाड, फिकट पोपटी मिरची बहुधा सौम्य असते, बारीक गडद लवंगी झणझणीत. पण एकाच पाव किलोतल्या दोन मिरच्याही सारख्या निघत नाहीत. तेव्हा देठाजवळचा एक बारीकसा काप जिभेच्या टोकाला लावून बघा आणि मग ठरवा. मध्यम तिखट असेल तर दोन मिरच्या पुरतात. उभी चीर द्या आणि आतली पांढरी शीर सुरीच्या टोकाने खरवडून काढा. बिया तिखट असतात असं आपण म्हणतो, पण कॅप्सेसिन मुख्यतः त्या पांढऱ्या शिरेत तयार होतं. बियांना ते तिच्या संगतीने लागतं. शीर काढली की हिरव्या सालीचा वास उरतो आणि तिखटपणा आपल्या ताब्यात राहतो. हे करण्याआधी बोटांना तेलाचा हात लावा, नंतर साबणाने धुवा, आणि तोवर डोळ्यांकडे हात नेऊ नका.

एक वाटी साखर, एक वाटी पाणी. साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद करा. तार बघायची नाही, घट्ट पाक नकोच आहे. त्यात मिरच्या टाका आणि झाकण ठेवा. दहा मिनिटांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चव बघा, मग दर पाच मिनिटांनी. आधी गोड लागतं, गिळल्यावर दोन-तीन क्षणांनी घशाशी मिरची जाणवते. तसं झालं की लगेच गाळा. पुढे पेरू, लिंबू आणि बर्फ यांनी ती आणखी सौम्य होणार आहे, म्हणून पाक नुसता चाखताना जरा चढा लागला तरी चालेल. गार झाल्यावर स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर राहतो.

आता पेरू. पुणेकरांना सांगायला मला विशेष आनंद होतो, की देशभर लावला जाणारा सरदार पेरू आपल्या गणेशखिंडीतला आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली तो निवडला, आणि लखनौ ४९ हे त्याचं जुनं नाव. गर पांढरा, भरपूर आणि गोड असतो. रंग हवा असेल तर गुलाबी गराचा घ्या. पण कोणताही घेतलात तरी तो पिकलेला हवा. खोलीत शिरल्याबरोबर वास आला पाहिजे. खायला आपल्याला करकरीत पेरू आवडतो, सरबताला तो उपयोगाचा नाही.

दोन मोठ्या पेरूंच्या फोडी, दीड वाटी गार पाणी, आणि मिक्सर नुसता थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला तर बिया फुटतात आणि रस खरखरीत होतो. मोठ्या गाळणीतून चमच्याने दाबून गाळा.

एका पेल्याला अर्धी वाटी रस, दोन मोठे चमचे पाक, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर काळं मीठ. लिंबात कंजुषी नको. पेरूला स्वतःचा आंबटपणा फार नसतो, आणि आंबट कमी पडलं की मिरची एकटी पडते. हे सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाच-सहा बर्फाच्या खड्यांसह घाला आणि डबा बाहेरून गार पडून घामेजेपर्यंत जोरात हलवा. सोडा घालणार असाल तर तो शेवटी, पेल्यात ओतल्यावर. डब्यात घालून हलवलात तर झाकण उडेल.

इतकं गार करण्याला कारण आहे. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आहे, तीच कॅप्सेसिनने चाळवते, म्हणून मिरची गरम लागते. हे ज्यांनी शोधलं त्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. पेय बर्फगार असलं की पहिल्या घोटाला ती यंत्रणा शांत राहते, पेरू आणि लिंबू पुरते कळतात, आणि मिरची मागाहून येते. हाच या पेयाचा जीव आहे. मिरची आधी आली तर पेरूची चव गेलीच म्हणून समजा. थंडपणाने गोडीही थोडी दबते, तेव्हा साध्या तापमानाला चाखताना ते किंचित जास्त गोड लागू द्या.

शाळेबाहेरच्या गाडीवर पेरूला चीर देऊन तिखट-मीठ भरतात, ते इथे पेल्याच्या काठाला लावायचं. मीठ दोन भाग, ब्याडगीचं तिखट एक भाग. ब्याडगी रंगाला गडद आणि चवीला सौम्य. काठावरून लिंबाची फोड फिरवा आणि पेला बशीतल्या तिखट-मिठात टेकवा, पण अर्धाच काठ. पाहुण्याने ज्या बाजूने हवं त्या बाजूने प्यावं. लहान मुलांसाठी आणि ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांच्यासाठी साधा पाक वेगळा काढून ठेवा, आग्रह करू नका.

एखाद्याला तिखट लागलंच, तर पाणी देऊ नका, त्याने काही होत नाही. गार दूध किंवा वाटीभर ताक द्या.

आणि गाळून काढलेल्या मिरच्या टाकू नका. साखरेत मुरून त्या चकाकतात. बारीक चिरून दुसऱ्या दिवशीच्या दही-पोह्यांत घाला, वरून जिऱ्याची फोडणी द्या. नमस्कार.