विळ्यावर चढलेलं तांबं

वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बगिचा. पावसाळा आला की इथे बुंध्याला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाचा, लेप लागतो, झाडावर फवारा जातो. डिंक्यावरचा, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगावरचा, जुनाच इलाज. एका ड्रमात मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं सल्फेट, विरघळवलेलं, दुसऱ्यात कळीचा चुना विझवलेला. दोन्ही एकत्र ओतून झालं, आणि आजोबांनी घासून लखलखीत केलेला विळा त्यात बुडवला. मिनिटभराने पातं वर आलं, तांबूस होऊन.

"लाल झाला, पाह्य. टाक अजून चुना."

नवखा याला गंज म्हणेल. पण गंज इतक्या घाईने चढत नाही. हे तांबं आहे. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि तो द्रावणात उतरला. ते दोन तांब्याच्या आयनाने घेतले आणि तो धातू होऊन पात्यावर बसला. लोखंडाचं ऑक्सिडीकरण, तांब्याचं क्षपण. सोडणारा असेल तरच घेणारा, म्हणून दोन्ही एकाच वेळी घडतात. हीच रेडॉक्स अभिक्रिया. 'ऑक्सिजन मिळणे म्हणजे ऑक्सिडीकरण' एवढंच पाठ करून परीक्षा दिलेल्यांनी हे पातं जरूर बघावं. इथे ऑक्सिजन लागलाच नाही.

पातं लाल, म्हणजे चुन्याने न बांधलेलं मोकळं तांबं द्रावणात शिल्लक आहे. तसंच फवारलं तर कोवळी पानं करपतात.

आता मोरचुदाचं रेणुवस्तुमान मांडू. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, आणि स्फटिकात बसलेले पाण्याचे पाच रेणू ९०. बेरीज २४९.५. किलोभर मोरचुदाचे पैसे मोजले, तर हाती तांबं पाव किलो आणि पाणी ३६० ग्रॅम! विझवलेल्या चुन्याचं रेणुवस्तुमान ७४, आणि मोरचुदाच्या एका रेणूला चुन्याचा एकच रेणू लागतो. त्या हिशेबाने किलोभर मोरचुदाला तीनशे ग्रॅम चुना पुरायला हवा. तरी १०० लिटर पाण्याला दोन्ही किलो-किलो घेतात, कारण दुकानात पडून असलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कॅल्शियम कार्बोनेट होत जातो. किती चुना जिवंत राहिला, हे पोत्यावर छापलेलं नसतं. ते विळा सांगतो.

लोखंडी टाकी इथे का चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. टाकीच विळा होईल.

चुना पडला. विळा घासून पुन्हा बुडवला. या वेळी पातं जसंच्या तसं. आता गाळून पंपात भरायचं आणि आजच संपवायचं. उद्यावर ठेवलेलं बोर्डो पानाला नीट धरत नाही.