एस्पोझितोंचं कुळ

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'इटालियन आडनावं : उगम आणि प्रकार'. प्रकारांकडे येतो. पण आधी नेपल्समधल्या एका दुकानदाराचा हिशेब चुकता करू द्या.

बाहेर पाटी होती, घराण्याचं मानचिन्ह पंधरा मिनिटांत. आपण आडनाव सांगायचं, तो पिवळट कागदावर ढाल, सिंह, मुकुट छापून देणार. माझ्यापुढे एक अमेरिकन जोडपं. नवरा म्हणाला, "एस्पोझितो." दुकानदाराने पापणीही न हलवता तीन बुरूज आणि एक गरुड काढून दिला. बाईंनी गुंडाळी छातीशी धरली. मी मागे चुळबुळतोय, सांगू की नको? नाही सांगितलं. त्याची भरपाई आज तुमच्याकडून. (पहिल्या रांगेतले दोघे कुलवृत्तांत छापून बसलेत, त्यांनी कान झाकून घ्यावेत.)

एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला. सोडून दिलेलं मूल. त्याच नेपल्समध्ये, फोर्चेल्ला भागात, आनुंत्झियाता नावाचं चर्च आहे, तिथेच पूर्वी अनाथालय होतं. त्याच्या भिंतीत एक लाकडी फिरतं फडताळ आहे, आजही बघता येतं. त्याला 'रुओता', म्हणजे चाक म्हणत. रस्त्यावरच्या बाजूने मूल आत ठेवायचं, फडताळ फिरवायचं, की ते भिंतीपलीकडे. ठेवणाऱ्याचं तोंड आतल्याला दिसत नाही. आत नोंदवही. कोणत्या दिवशी आलं, अंगावर कपडे काय, सोबत काही खूण आहे का. अशा खुणांसाठी फ्लॉरेन्सच्या अनाथालयाकडे बघा. तिथे अर्धं कापलेलं पदक किंवा नाणं मिळे. उरलेला अर्धा आईकडे. दिवस पालटले तर जोडून दाखवीन आणि लेकरू परत नेईन, एवढी आशा त्या तुकड्यात असायची.

आडनाव कुठलं लावणार? बाप अज्ञात. कारकून लिहायचा, एस्पोझितो. शेकडो वर्षं हेच. त्यामुळे नेपल्समधले दोन एस्पोझितो भेटले तर ते चुलतभाऊ असतीलच असं नाही. पुष्कळदा नातं फक्त नोंदवहीचं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला आपण रक्त म्हणतो, ते कितीदा तरी दौतीतून आलेलं असतं. टाळ्या नकोत, वेळ जातो.

पुढे नेपोलियनचा मेहुणा म्युरा नेपल्सचा राजा झाला. त्याच्या काळात हे आडनाव देणं बंद झालं, आडनाव ऐकूनच लोक ओळखत म्हणून. फडताळ 1875 मध्ये बंद झालं. आडनाव मात्र गेलं नाही, नेपल्समध्ये आज ते सगळ्यांत जास्त आढळतं! गावोगावी शब्द वेगळा. रोममध्ये 'प्रोइएत्ती', म्हणजे फेकलेले. फ्लॉरेन्समध्ये 'इन्नोचेंती', निष्पाप. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या त्या अनाथालयाचंच नाव, 1445 साली उघडलं. मिलानमध्ये 'कोलोम्बो', म्हणजे कबुतर, कारण अशी मुलं ठेवून घेणाऱ्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर. आता कोणी हात वर करण्याआधीच सांगतो, कोलंबसचा यात काही संबंध नाही. तो जिनोवाचा, बाप लोकर विणणारा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, प्रकार. इटालियन आडनावं मोठ्या प्रमाणावर पक्की झाली ती चर्चच्या वह्यांमुळे. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद सक्तीची केली. बापावरून, दी जोव्हान्नी. गावावरून, रोमानो. धंद्यावरून, फेर्रारी, म्हणजे लोहार. गाडी विकत घेणाऱ्यांना हे सांगू नका. रंगारूपावरून, रोस्सी, तांबूस केसांचा; दक्षिणेत त्याचाच रुस्सो होतो. रोस्सी देशात पहिल्या क्रमांकावर. आणखी टोपणनावं आहेत, खूप मजेदार आहेत...

दुसरी चिठ्ठी. ही म्हणते, चहा गार होतोय.