घरातली धूळ आणि दारातला मोहोर

श्रोतेहो, नमस्कार. आगोटीचे दिवस आले की कोकणात लाकूडफाटा आत येतो, सुकी मासळी डब्यात जाते आणि खळ्यात गाद्या-गोधड्या उन्हाला पडतात. यातल्या शेवटच्या कामाविषयी मला आज बोलायचे आहे. कारण पावसाळ्यात पहाटे मुलांना लागणाऱ्या शिंकांचे मूळ पुष्कळदा त्या गादीतच असते.

घरच्या धुळीत माइट नावाचे, कोळ्याच्या कुळातले सूक्ष्म जीव राहतात. मिलिमीटरच्या पाव-तृतीयांशाएवढा हा प्राणी आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा खातो आणि पाणी न पिता हवेतले बाष्प शोषून जगतो. हवा दीर्घकाळ कोरडी राहिली तर तो सुकून मरतो. आपल्या किनाऱ्यावर मात्र पावसाळाभर त्याला हवा तसा ओलावा मिळतो. तो चावत नाही. त्याच्या विष्ठेतली प्रथिने श्वासावाटे आत जातात आणि काहींच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार होतात. यालाच संवेदीकरण, म्हणजे ॲलर्जीची पूर्वतयारी, म्हणतात. संवेदीकरण झालेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही, हे पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

त्वचा चाचणीत हे डोळ्यांना दिसते. हातावर ज्याची शंका आहे त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचणी देतात आणि 15 ते 20 मिनिटांनी तिथे 3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली, तर चाचणी सकारात्मक मानतात. अशाच चाचण्या पूर्वीच्या साम्यवादी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर दोनदा झाल्या. बर्लिनची भिंत पडल्यानंतर लगेच, म्हणजे 1991-92 मध्ये, 19.3 टक्के मुले संवेदित आढळली. 1995-96 मध्ये हेच प्रमाण 26.7 टक्के झाले. चार वर्षांत मुलांची आनुवंशिकता बदलत नाही. बदलले होते ते त्यांचे जगणे. नेमके कोणत्या गोष्टीमुळे हे घडले यावर अजून वाद आहेत. मोठी भावंडे असलेल्या मुलांना परागज्वर, म्हणजे परागकणांमुळे होणारी शिंका-सर्दी, कमी होतो, असे 1989 मध्ये ब्रिटनमध्ये दिसले आणि बालपणीच्या जंतुसंपर्काचा विचार तिथून पुढे आला.

म्हणूनच आपल्या वाड्यांतला बदल मला महत्त्वाचा वाटतो. कौलांच्या फटींतून वारा खेळणाऱ्या माजघराच्या जागी आता स्लॅबची बंद खोली, जाड पडदे, सोफा आणि वर्षानुवर्षे न हललेली फोमची गादी आली आहे. माइटसाठी याहून सोयीचे घर नाही.

परागकणांच्या बाबतीत मात्र आपण भलत्यालाच दोष देतो. आंब्याचा मोहोर आला की सर्दीचे खापर त्याच्यावर फुटते; पण त्याचे पराग जड व चिकट असून ते मुख्यतः कीटकांमार्फत पसरतात. वाऱ्यावर दूर जातात ते सड्यावरच्या गवताचे आणि किनाऱ्यावरच्या सुरूचे पराग. त्रास ठरावीक महिन्यांतच होतो की अंथरुणात बारमाही होतो, याची नोंद घरी ठेवली तर डॉक्टरांना निदानाला फार मदत होते.

उन्हाने माइट मरतात, परंतु त्यांची विष्ठा कापडातच राहते. म्हणून वाळलेली गादी घराबाहेर झोडपावी, त्या वेळी दम्याच्या मुलाला लांब ठेवावे, आणि चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंश सेल्सिअसच्या कढत पाण्यात धुवावेत.