मालगुंडचं घर

(कौलांवर पाऊस. अंगणात पागोळ्या पडतायत.)

गणपतीपुळ्याला येणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. दर्शन, समुद्र, मोदक आणि परतीची गाडी. तिथून हाकेच्या अंतरावरच्या मालगुंडला थोड्याच गाड्या वळतात. वळल्या, तर या कौलारू घरापाशी थांबतात.

केशव विठ्ठल दामले इथं शाळामास्तर होते. १८६६ साली त्यांना मुलगा झाला, कृष्णाजी. जन्मतारखेवरून अभ्यासक अजून भांडतात, ते सोडा. मुलानं पुढे कवितेखाली वडिलांचंच नाव लावलं : केशवसुत.

केशवसुतांना हे घर फार लाभलं नाही. खेड, बडोदा, नागपूर, पुणे... मॅट्रिक होईपर्यंत १८८९ उजाडलं. पुढे मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारावर बिऱ्हाडं हलत राहिली. प्लेगमुळे मुंबई सोडून खानदेशात गेले, तिथून धारवाडला. शेवटी १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीत प्लेगनंच गाठलं. वय एकोणचाळीस. कवितांचं पुस्तकही हयातीत निघालं नाही. ते हरिभाऊ आपट्यांनी काढलं, १९१७ साली.

(ओसरी. कॅमेरा सावकाश आत.)

‘तुतारी’ आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलीय. पण या ओसरीवर टेकलं, की आठवते ती दुसरीच ओळ : ‘गोष्टी घराकडिल मी वदतां गड्या रे’. परगावी राहून, घराच्या आठवणीनं कासावीस होऊन लिहिलेली.

कोकणात घर राखायचं म्हणजे दर वर्षी पावसाशी झुंज. मे महिन्यात कौलं परतायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागली का बघायचं. एक वर्ष चालढकल केली, की भिंतीला ओल आलीच. माणसं मुंबईला गेली आणि मागे नुसती जोती उरली, अशी घरं इथल्या गावोगाव दिसतील.

हे वाचलं, कारण कोकण मराठी साहित्य परिषदेनं ते हाती घेतलं. मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. १९९४च्या मे महिन्यात कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. नुसतं जन्मघर दुरुस्त करून कुलूप लावलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. शेजारी ग्रंथालय आहे, आधुनिक मराठी कवींचं दालन आहे.

(बाहेर. कोरीव ओळींचे दगड, शाळेची सहल.)

पोरं अक्षरांवरून बोट फिरवत वाचतायत, अडखळत. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’पाशी मात्र कुणी अडत नाही. आवाज एकदम चढतो.