उलटं करून बघा : पेडल स्टील गिटार निवडताना

(नागपुरात गिटारवादकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय बाहेर फलकावर लिहिलाच आहे : नवी पेडल स्टील गिटार, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलता येणारी हवाईयन गिटार, कशी निवडावी. समोर निम्म्याहून जास्त हवाईयन गिटार वाजवणारे दिसताहेत, तेव्हा गिटार आडवी ठेवून बारनं, म्हणजे तारांवरून सरकवायच्या धातूच्या कांडीनं, कशी वाजवतात हे सांगण्यात वेळ घालवत नाही. निवडीकडे येतोच. पण हे वाद्य आपल्याला हवं कशाला, हे आधी मनाशी पक्कं झालं पाहिजे. ते झालं नाही की माणूस रंग बघून वाद्य घेतो.

हवाईच्या जोसेफ केकुकूला बारनं गिटार वाजवण्याच्या या पद्धतीचा जनक मानतात. आपल्याकडे ती रुजली कोलकात्यात. ताऊ मो हे हवाईयन कलावंत 1940 च्या दशकात तिथं राहिले, गार्नी नीस त्यांच्याकडे शिकले. पुढे काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी. तिकडे मुंबईत व्हॅन शिप्ली, हजारा सिंग. माझ्या पिढीतल्या नागपूरकरांनी ही नावं आधी रेडिओवर ऐकली, तबकड्या नंतर पाहिल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तर हवाईयन गिटारवर राग वाजवले. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांनी केलेली तबकडी ज्यांच्या घरी नव्हती, ते शेजाऱ्यांकडे जाऊन ऐकायचे. विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. एवढी मोठी परंपरा आहे ही, आणि आज ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटारवाला शोधून सापडत नाही.

का सापडत नाही, ते सांगतो. हे मला फार दिवसांपासून बोलायचं होतं.

इथल्याच महाल भागातल्या एका गणेशोत्सवाची गोष्ट आहे. मंडळाचं नाव घेत नाही. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, गायिका अतिशय तयारीची. तालमीला मी गिटार घेऊन गेलो, तर संयोजक म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही कशाला त्रास घेता? कीबोर्डमध्ये स्टील गिटारचं बटन आहे ना.’’ कीबोर्डवाला मुलगा गुणी होता. त्यानं बटन दाबलं, आवाज निघाला, संयोजक खूश. मग गाण्यातली ती जागा आली, जिथं गायिका पंचमावरून धैवतावर सरकते आणि मागची गिटार तिच्याबरोबर सरकते. मुलानं डाव्या हातानं कीबोर्डचं सूर वरखाली करणारं चाक फिरवलं. पंचम वर गेला, पण त्याच्याबरोबर खालचा षड्जही गेला, गंधारही गेला. सगळी सुरावट एकदम वर उचलली गेली. गायिका थांबली. ती काही बोलली नाही, तिनं नुसतं मुलाकडे बघितलं. तो बिचारा म्हणाला, ‘‘ताई, चाक सगळ्यांनाच फिरवतं.’’

राजेहो, त्या मुलाच्या वाक्यात माझं आजचं अर्धं व्याख्यान आहे. चाक सगळ्यांनाच फिरवतं, आणि खरं सांगायचं तर आपला बारही सगळ्यांनाच सरकवतो. सरळ बार पाचव्या पडद्यावरून सातव्यावर नेला की त्याखालच्या सगळ्या तारा दोन पडदे चढतात. बार तिरका धरून आपण त्यातून थोडी वाट काढतो, पण तिरक्या बारला मर्यादा आहेत आणि जलद लयीत तो दगा देतो. काब्रांनी, भट्टांनी वेगळी वाट घेतली. गाणं मुख्य तारेवर, बाकीच्या तारा चिकारीला, म्हणजे मधूनमधून छेडायला, आणि तरफेला, म्हणजे आपोआप घुमायला. ती राग-संगीताची वाट आहे, आणि ती भव्य आहे. पण ज्याला तीन स्वर एकत्र वाजवायचे आहेत, दोन स्थिर ठेवून एकाचीच मींड घ्यायची आहे, त्यानं काय करावं?

त्याचं उत्तर अमेरिकेत मिळालं. स्वरजुळणी बदलण्यासाठी पायानं दाबायच्या कळी स्टील गिटारला आधीपासून होत्या. पण तारा वाजत असतानाच पेडल दाबायचं आणि तो बदल ऐकू येऊ द्यायचा, हे लोकांच्या कानावर आलं वेब पिअर्स या कंट्री गायकाच्या 1954 साली गाजलेल्या गाण्यातून. वादक होते बड आयझॅक्स. नंतर बडी एमन्स, जिमी डे या लोकांनी पेडलांची कामं वेगवेगळी करून आजची रचना घडवली.

ती रचना आपल्या भाषेत सांगतो, वहीत घ्या. या जुळणीला ई नाईन म्हणतात, तारा दहा. ई म्हणजे षड्ज धरा. वादकाच्या समोरच्या बाजूची पहिली, तिथून आपल्याकडे येत : रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन तारा क्रमात नाहीत, त्या एमन्सनं घातल्या, आणि गाण्याची सगळी नक्षी तिथं निघते. आता पेडल. पहिलं, ए पेडल, पंचमाच्या दोन्ही तारा धैवतावर नेतं. बी पेडल गंधाराच्या दोन्ही तारा मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबा : सा-ग-प चं सा-म-ध झालं, आणि षड्ज जागचा हलला नाही. बारही हलला नाही. महालातल्या त्या गायिकेला जे हवं होतं ते नेमकं हेच. सी पेडल चौथ्या तारेचा सा रे वर नेतं आणि पाचव्या तारेचा प ध वर. शिवाय गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर असतात. एक षड्जाला कोमल रे वर चढवतो, दुसरा त्याला निषादावर उतरवतो. डावा पाय पेडलांवर, दोन्ही गुडघे लिव्हरवर, उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, डाव्या हातात बार, उजव्या हातात नख्या. तबला-डग्ग्याची सवय असलेल्याला हे लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या रांगेतले आमचे तबलजी मान हलवताहेत, म्हणजे सम बरोबर आली.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या वाद्यात प्रत्येक बदलाचा सूर वेगळा लावता येतो. मोकळी तार खुंटीनं लावायची, आणि पेडल दाबल्यावरचा स्वर दुसऱ्या टोकाला असलेल्या नायलॉनच्या छोट्या नटानं. कीबोर्डचा गंधार तानपुऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, धैवत 16 सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधले कित्येक स्टीलवादक गंधाराच्या तारा मुद्दाम उतरवून लावतात, कारण तारा एकत्र वाजल्या की चढा गंधार त्यांच्या कानाला बोचतो. त्यांना तानपुरा माहीत नसेल, पण त्यांचा कान आपल्याच गंधारावर येऊन थांबला. वसंतराव देशपांड्यांच्या या गावात गंधाराचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. मला या वाद्याबद्दल जे प्रेम आहे त्याचं मूळ इथं आहे.

आता निवड. आमच्या ओळखीचा प्रतापनगरचा एक तरुण आहे, उत्तम हवाईयन वाजवतो. त्यानं परदेशातून जुनी पेडल स्टील मागवली. विकणाऱ्यानं ‘शिकणाऱ्यांसाठी उत्तम’ असं सांगितलं होतं. खोकं आलं, मला फोन आला, मी गेलो. वाद्य दिसायला देखणं. मॅपलचं लाकूड, त्यावर लॅकर असं की आपला चेहरा दिसावा. घरातले सगळे कौतुकानं बघत होते. मी म्हटलं, गादी आणा आणि हे उलटं करा.

उलटं केल्यावर खरं वाद्य दिसतं. आडवे दांडे असतात, पेडल दाबलं की फिरणारे. प्रत्येक दांड्यावर धातूच्या छोट्या भुजा, प्रत्येक भुजेतून एक सळई निघते आणि घोडीच्या जागी असलेल्या यंत्राला जाऊन मिळते. त्याला चेंजर म्हणतात. चेंजरमध्ये प्रत्येक तारेला एक बोट असतं, तार त्याच्यावरून वळते. सळईनं बोट ओढलं की तार चढते किंवा उतरते. बोटाखालच्या पट्टीला भोकं असतात, एका भोकात एक सळई. त्या वाद्याला पेडल तीन आणि लिव्हर एकच होता, षड्जाला निषादावर उतरवणारा. तो मुलगा ज्या धड्यांवरून शिकणार होता, त्यात पावलोपावली षड्ज कोमल रे वर नेणारा लिव्हर लागतो. तो म्हणाला, ‘‘काका, बसवून घेऊ.’’ मी टॉर्च धरला. चौथ्या तारेला वर ओढायला भोक एकच, आणि त्यात सी पेडलची सळई आधीच बसलेली. नवा लिव्हर लावला असता, तरी त्याची सळई अडकवायची कुठे? ते वाद्य तिथंच संपलं होतं. लाकूड उत्तम, तारा नव्या, आवाज गोड, आणि वाढायला जागा नाही. त्या मुलानं भरलेलं सीमाशुल्क मात्र पूर्ण वाद्याचं होतं. शिकणाऱ्याला अर्धं वाद्य पुरतं असं सांगून विकणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. अर्ध्या सरगमवर कोणी गाणं शिकवतं का?

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. तेव्हा आता भराभर.

तीन पेडल आणि चार लिव्हर, यापेक्षा कमी घेऊ नका. पाच लिव्हर मिळाले तर उत्तमच. चेंजरला प्रत्येक तारेमागे वर ओढायला तीन आणि खाली उतरवायला दोन भोकं असावीत. दुकानदार किंवा विकणारा दूर असेल तर वाद्याच्या पोटाचा फोटो मागा, भोकं मोजा. जो वरच्या बाजूचेच फोटो पाठवतो त्याच्याशी व्यवहार करू नका.

एक मान की दोन? मान म्हणजे तारांचा एक पूर्ण संच ज्यावर बसतो ती पट्टी. दोन मानांच्या वाद्यात दुसरी सी सिक्स नावाच्या जुळणीची असते, स्विंग आणि जाझसाठी फार सुंदर. आपल्या गाण्यांना ई नाईन पुरेशी आहे. दोन मानांचं वाद्य पेटीसकट 25-30 किलोंपर्यंत जातं, आणि विमानात एका बॅगेला बहुतेक 23 किलोंची मर्यादा असते. अमेरिकेतला भाचा घेऊन येणार असेल तर त्याचाही विचार करा. दोन्ही जुळण्या एकाच मानेत हव्या असतील त्यांच्यासाठी बारा तारांचं वाद्य आहे, पण सुरुवात त्यानं करू नये.

पेडलांचा क्रम दोन प्रकारचा : डावीकडून ए-बी-सी म्हणजे एमन्सचा, उलटा म्हणजे जिमी डेचा. शिकायचं साहित्य बहुतेक एमन्स पद्धतीचं आहे, तीच घ्या.

तपासणी दोन, दोन्ही ट्यूनर लावून. पहिली : पाचवी तार लावा, ए पेडल दहा-बारा वेळा दाबून सोडा. मोकळा पंचम तंतोतंत परत आला पाहिजे. दुसरी : चौथी तार छेडा, तिला हात न लावता ए-बी एकत्र दाबा. त्या पेडलांचा षड्जाशी संबंध नाही, तरी ओढीनं लाकूड किंचित वाकतं आणि षड्ज उतरतो. चार-पाच सेंटच्या आत असेल तर वाद्य भक्कम आहे. त्याहून बराच जास्त असेल तर कितीही देखणं असो, सोडून द्या.

कोणाचं घ्यावं, हे सगळे विचारतात. शो-बड आणि एमन्स ही जुनी मोठी नावं. जुनं वाद्य घेणार असाल तर ते कोणी नीट साफ करून, तेल घालून ठेवलंय का हे नावापेक्षा महत्त्वाचं. जुन्या एमन्समधली पुश-पुल यंत्रणा आवाजाला अप्रतिम, पण ती सुरात लावायची पद्धत वेगळी आणि नागपुरात दुरुस्त करणारा नाही. पहिलं वाद्य सळया नुसत्या ओढणारं, ऑल-पुल घ्या. नव्यांत अमेरिकेचं मुलन, जपानचं एक्सेल. व्यावसायिक दर्जाचं नवं वाद्य सहसा तीन-चार हजार डॉलरच्या खाली येत नाही, वर वाहतूक आणि कर. बाहेरून लॅकरऐवजी मायका असलेलं घ्या, ओरखडे कमी पडतात. आवाजाचं पेडल स्वस्तातलं घेऊ नका. सुराची लांबी त्याच्यावर आहे, स्वर विरायला लागला की पायानं त्याला उचलून धरायचं असतं.

घरी आल्यावर कुलरसमोर ठेवू नका. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सगळं घर कुलरपाशी बसतं हे मान्य, पण ती ओली हवा तारांना आणि चेंजरला गंज चढवते. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, वर कापड टाका.

तारांची जाडी, लिहून घ्या, इंचात, पहिलीपासून : 0.013, 0.015, 0.011, 0.014, 0.017, 0.020, 0.026, 0.030, 0.034, 0.036. तिसरी बघा, सगळ्यांत बारीक. वरचा गंधार तिच्यावर आणि बी पेडल तिला अजून मध्यमापर्यंत ओढतं, म्हणून तुटते तीच. वाद्य मागवाल त्याच वेळी 0.011 ची तार डझनभर सुटी मागवा, सेटमधली एक पुरत नाही. ज्यांचं लिहून घ्यायचं राहिलं असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून उतरवून घ्या.