नळ त्यांच्या हाती

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या म्हाताऱ्या ज्यू माणसांची वृद्धाश्रमात आणि घरी कशी काळजी घ्यावी याविषयी. नाझींच्या छळछावण्यांतून 1945 मध्ये वाचलेल्यांपैकी आज हयात आहेत ते बहुतेक तेव्हा लहान होते. आता ते ऐंशी-नव्वदीत आहेत. संसाराच्या धबडग्यात मागे पडलेलं म्हातारपणी वर येतं. त्यात स्मृतिभ्रंश झाला, की कालचं पुसलं जातं आणि 1944 लख्ख राहतं. मागाहून शिकलेली इंग्रजी किंवा हिब्रू निसटते, लहानपणची यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, ओठांवर येते. म्हणून त्या भाषेतले ‘पाणी’, ‘दुखतंय का’, ‘मी इथेच आहे’ एवढे शब्द तरी सेविकेला यायला हवेत.

सगळ्यात अवघड जाते ती आंघोळ. आउशवित्झच्या छावणीत माणसं मारायच्या विषारी वायूच्या खोल्यांना न्हाणीघराचं सोंग दिलेलं होतं. फरशा लावलेली खोली, ‘कपडे काढा’ असा हुकूम, डोक्यावर झारी, एवढं पुरतं. मग घाईत दोघी जणी हात धरतात, आजी ओरबाडतात, नोंदवहीत ‘आक्रमक’ असा शेरा पडतो आणि गुंगीचं औषध सुरू होतं. इथेच चूक होते. आधी खोली दाखवा. नळ त्यांनाच सोडू द्या, पाणी हाताला लागू द्या. वरच्या झारीऐवजी हातात धरायचा फवारा घ्या. खांद्यावर टॉवेल राहू द्या आणि एकेक अवयव उघडून धुवा. दार किलकिलं ठेवा. रोज तीच सेविका असावी. नाहीच म्हणाल्या तर कोमट पाण्याने अंग पुसा. एक दिवस आंघोळ चुकल्याने काही बिघडत नाही.

छावणीतली उपासमार विसरत नाही, म्हणून उशीखाली पाव सापडला तर त्यांच्यादेखत फेकू नका. झाकणाचा डबा द्या, शिळा काढताना विचारा आणि लगेच ताजा ठेवा. जेवणासाठी रांग लावू नका. आउशवित्झमध्ये कैद्यांच्या हातावर नंबर गोंदत, म्हणून मनगटावर नंबराची पट्टी बांधायची असेल, तर आधी कारण सांगा.

वाचलेल्यांच्या मुलांचं दुखणं वेगळं. काही घरांत छावणीबद्दल अवाक्षर निघालं नाही, काही घरांत पाच वर्षांच्या पोरापुढे सगळं ओतलं गेलं. दोन्ही बाधतं. मानसशास्त्रज्ञ याएल दानिएली यांनी 1975 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्यांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी गट सुरू केले. त्यांचं निरीक्षण असं की, ऐकून घ्यायची तयारी समाजाची नव्हती, उपचार करणाऱ्यांचीही नव्हती. आघात जनुकांतून उतरतो हे मात्र छातीठोकपणे सांगू नये. त्यासाठी दाखला दिला जातो त्या 2015 च्या गाजलेल्या अभ्यासात वाचलेले फक्त 32 आणि त्यांची मुलं फक्त 22 होती.

घरच्यांनी ‘छावणीत काय झालं’ असं थेट विचारू नये. ‘तुझी आजी काय रांधायची?’ असं विचारावं. नावं मिळतात, मग वंशावळ लिहिता येते. मुलगा परगावी गेला, की आईला वियोग जुन्या भीतीसह झोंबतो. फोनची वेळ ठरवून घ्यावी आणि उशीर होणार असेल तर आधी कळवावं.

आणि हे सगळं दाखल होतानाच कागदावर, पहिल्या पानावर उतरवा: भाषा, कशाने दचकतात, कशाने शांत होतात. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीपर्यंत पोचत नाही, आणि ओरडून जाग येते ती रात्रीच.